शोक करणाऱ्यांबरोबर शोक, आणि आनंद करणाऱ्यांबरोबर आनंदही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ नोव्हेंबर हा कॅथलिक पंचांगातला सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याआधी वसईपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत आणि गोव्याच्या गावागावांत दफनभूमींची साफसफाई चालते. कबरींवरचे गवत निघते, चुना लागतो, हार आणि मेणबत्त्या येतात. वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात आणि ती यावीतच. पण मृतांची आठवण इतक्या निगुतीने ठेवणारा आमचा ख्रिस्ती समाज मागे राहिलेल्यांची आठवण किती दिवस ठेवतो, हा प्रश्न मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाच्या, भेटकार्यात (शोकाच्या आणि आजाराच्या घरी जाण्याच्या कामात) असलेल्या आम्हा काही जणांना सतत पडतो. म्हणून हे पत्र. ते थोडे लांबले आहे, कारण यातल्या बारीकसारीक गोष्टी सांगितल्याशिवाय विषय कळत नाही.

येशूचा प्रेषित पौल याने इसवी सन ५७ च्या सुमारास करिंथहून रोमच्या मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या बाराव्या अध्यायात एक ओळ आहे: ‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.’ दफनविधीत ही ओळ ऐकू येते, लग्नातही येते. तिच्या शेजारी काय लिहिले आहे तिकडे मात्र लक्ष जात नाही. त्याच परिच्छेदात गरजू बांधवांना हातभार लावा, आतिथ्यात मागे राहू नका, मोठेपणाच्या मागे न लागता लहानांत मिसळा, अशा सूचना आहेत. कामांच्या यादीतले हे एक काम आहे. मन भरून आले तर जा, असे पौल सांगत नाही. जा, एवढेच सांगतो. मन पुष्कळदा तिथे गेल्यावर, पाण्याचा तांब्या भरून दिल्यावर, म्हातारीशेजारी बसल्यावर भरून येते.

पहिल्या मंडळ्यांनी हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. यरुशलेमात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. तक्रार आली. प्रेषितांनी प्रेमावर प्रवचन देऊन विषय मिटवला नाही. सात माणसे निवडायला लावली आणि काम त्यांच्या हाती सोपवले. स्तेफन त्यांतला एक. सातही नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्या गटावर अन्याय होत होता त्यातलीच माणसे वाटपाला बसवली असावीत. पुढे यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौल करिंथकरांना सांगतो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. आणि ती रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे तो बरोबर घेतो, का तर एवढ्या मोठ्या देणगीबद्दल कोणी बोट दाखवू नये. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन इसवी सन १९७ च्या सुमारास लिहितो की आमच्यात महिन्यातून एकदा ज्याला जमेल तेवढे तो स्वखुशीने देतो आणि ते पैसे गरिबांच्या अन्नावर, त्यांच्या दफनावर, आईबापाविना पोरांवर, थकलेल्या म्हाताऱ्यांवर, जहाज फुटून सर्वस्व गेलेल्यांवर, खाणीत नाही तर कैदेत पडलेल्यांवर खर्च होतात. माणूस ठरलेला, दिवस ठरलेला, हिशेब ठरलेला. आज ज्या मंडळीत या तीनपैकी एक गोष्ट नाही, तिथे सुखदुःखात सहभाग वेदीवरच्या घोषणेत राहतो आणि मोबाइलवरच्या हात जोडलेल्या चित्रात संपतो.

दुःखाच्या घरी पहिली चूक जिभेची होते. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘यातही त्याची काहीतरी योजना असेल’, ‘रडू नकोस, तो प्रभूकडे गेलाय’, ‘तुम्ही तरुण आहात, दुसरं मूल होईल’ ही वाक्ये सांत्वन करत नाहीत. बोलणाऱ्याची अस्वस्थता तेवढी शमते. ती धर्मशिक्षणालाही धरून नाहीत. योहानाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, अकराव्या अध्यायात येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झाले आहेत. आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो रडतो. पुनरुत्थान काही मिनिटांवर असतानाही ज्याने आसवे टाळली नाहीत, त्याचे नाव घेऊन दुसऱ्याला ‘रडू नकोस’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला? थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्रातले वचनही मयताच्या घरी पाहुण्याने बोलायचे नाही. दुःखितानेच ते कधीतरी उच्चारले तर ऐकून घ्यायचे.

बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांनी सुरुवात योग्य केली होती. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडले तिथे बिघडले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. आम्ही नव्या कार्यकर्त्यांना हाच भाग आधी वाचायला देतो. बोलायचेच तर दोन गोष्टी पुरेत: ‘मी आलोय, बसतो थोडा वेळ’, आणि गेलेल्याचे नाव घेऊन त्याची एखादी खरी आठवण. नाव घेतल्याने घरचे जास्त रडतील अशी भीती लोकांना वाटते. नाव कोणीच घेईनासे झाले की त्यांना जास्त लागते.

भेटीला दोघांनी जावे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली तेव्हापासून तिचे सभासद गरिबांच्या घरी दोघे-दोघे जातात, आणि १९२१ साली डब्लिनमध्ये निघालेल्या लीजन ऑफ मेरी या कॅथलिक संघटनेचीही तीच रीत आहे. त्यामागे अनुभव आहे. एकाने दुःखिताजवळ बसायचे, दुसऱ्याने स्वयंपाकघर, मुले, घरातले वृद्ध यांच्याकडे बघायचे. एकटी बाई असेल तिथे जोडीत एक बाई हवीच. घरी अर्धा तास, इस्पितळात दहा मिनिटे, त्याहून जास्त नको. रुग्णाच्या खाटेवर बसू नये आणि आजाराची सगळी हकीकत पुन्हा सांगायला लावू नये. आधीच्या चार पाहुण्यांना त्याने ती सांगितलेली असते. प्रार्थना करू का, असे विचारावे. हो म्हटले तर तीन मिनिटांत आटोपावी. बायबलमधले स्तोत्र २३, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’, सगळ्यांना पाठ असते, पण ज्याचा तरुण मुलगा गेला त्याला पहिल्या आठवड्यात हिरव्या कुरणांचे शब्द पेलतीलच असे नाही. ‘किती वेळ, हे परमेश्वरा’ असे विचारणारे स्तोत्र १३ आहे. शेवटपर्यंत अंधारातच राहणारे स्तोत्र ८८ आहे. तक्रारीची स्तोत्रे पवित्र शास्त्रात ठेवली गेली ती अशाच दिवसांसाठी.

जेवणाचे नियोजन लोकांना किरकोळ वाटते. तसे ते नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही ही आपल्याकडची जुनी रीत ख्रिस्ती घरांतही पुष्कळ ठिकाणी टिकली आहे आणि ती टिकावी. गोंधळ होतो तो असा: पहिल्या दिवशी सहा घरांतून डबे येतात, अन्न वाया जाते, पाचव्या दिवशी कोणीच येत नाही. म्हणून एकाच व्यक्तीने वही धरावी आणि दहा दिवसांचे वाटप करावे, एका घराकडे एका वेळचे जेवण. दहा माणसांना एक किलो तांदूळ आणि अर्धा किलो तूरडाळ पुरते. सोबत एक भाजी असली की झाले, गोडधोड नको. घरात मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे कोणी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहावे, कारण शोकात माणसे गोळ्या घ्यायला विसरतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दुसऱ्याच माणसाला दवाखान्यात न्यावे लागते. डब्यांवर नावाची चिठ्ठी लावावी. रिकामे डबे ज्याचे त्याला पोहोचवणे हेही वहीवाल्याचेच काम, घरच्यांचे नाही.

त्यानंतर कागदपत्रे. याला कोणी धर्मकार्य म्हणत नाही, पण एकमेकांची ओझी वाहा या आज्ञेचा याहून उघड अर्थ दुसरा सापडणार नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. दाखल्याच्या निदान दहा प्रती काढाव्यात, कारण बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, रेशनकार्ड, वीजबिल, सगळीकडे तो लागतो. गेलेली व्यक्ती नोकरीत असताना भविष्यनिर्वाह निधीची सभासद असेल, तर त्याला जोडलेल्या विम्यातून वारसांना ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि विधवेला निवृत्तिवेतनही. कित्येक घरांना हे माहीतच नसते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तिथेच. वारसाहक्काची तर मूलभूत माहिती आमच्याच लोकांना नसते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना, मुलगा-मुलगी समान, असे मिळते. गोव्यात कायदा वेगळा आहे. दीर ‘काळजी करू नका, मी बघतो’ म्हणून कोऱ्या कागदावर सही मागतो, त्या दिवशी शेजारी बसून ‘वहिनी, आज सही करू नका’ म्हणणारे माणूस मंडळीत हवे. धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) एखादा निवृत्त बँक कर्मचारी, एखादा वकील, तहसील कार्यालयाची पायरी माहीत असलेला कोणीतरी असतोच. त्याला हे काम नाव घेऊन सोपवले पाहिजे.

सर्वांत मोठी उणीव तिसऱ्या आठवड्यानंतरची. कॅथलिक घरांत सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, होते, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सांत्वनाची प्रार्थनासभा होते, नातेवाईक आपापल्या गावी परततात. मग फोन थांबतात, आणि नेमके तेव्हाच घर रिकामे झाल्याचे कळू लागते. आम्ही भेटवहीत प्रत्येक मृत्यूसमोर सात नोंदी करतो: पहिला आठवडा, तिसरा आठवडा, दुसरा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, पहिले वर्ष. प्रत्येकीसमोर दोन नावे असतात. नाताळाचे वेगळे सांगायला हवे. शोक असलेल्या घरी कॅरल गाणारी मंडळी ‘बरे दिसत नाही’ म्हणून जात नाहीत, शेजारच्या दारात ढोलकी वाजते आणि ते घर अंधारात बसते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन विचारावे: आम्ही यावे का, आलो तर काय गावे? पुष्कळ घरे हो म्हणतात आणि गेलेल्याचे आवडते गीत सांगतात. नाही म्हणाले तर गाणे सोडून नुसते भेटायला जावे.

आजारपणाबद्दल एक गोष्ट कॅथलिक वाचकांसाठी. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे आहे. हा संस्कार केवळ शेवटच्या श्वासासाठी नाही, हे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले. गंभीर आजाराने किंवा वार्धक्याने धोका सुरू झाला की तो घेता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हाही. तरीही फादर दारात आले म्हणजे सगळे संपले या भीतीने घरचे त्यांना शेवटच्या रात्री बोलावतात. तेव्हा रुग्ण बेशुद्ध असतो. ज्याच्या आधारासाठी तो संस्कार, त्यालाच तो कळत नाही.

प्रार्थनागटांविषयी थोडे कडक बोलावे लागेल. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा, कोणाला सांगू नका’ अशी सुरुवात करून एखाद्या बाईचा गर्भपात, एखाद्याची नोकरी गेल्याची गोष्ट, एखाद्या मुलाचे व्यसन शंभर जणांच्या मोबाइलवर जाते. ही निंदानालस्तीच आहे. प्रार्थनेच्या आडून केल्याने ती शुद्ध होत नाही. नियम सोपा आहे. ज्याचे दुःख, त्याला आधी विचारायचे: नाव सांगू का, कारण सांगू का, आणि किती जणांना. उत्तर मिळाले नाही, तर ‘एका कुटुंबासाठी’ एवढेच म्हणायचे. देवाला पत्ता लागत नाही.

आता त्या मृत्यूंबद्दल, जिथे आमच्याच लोकांनी पाठ फिरवली. आत्महत्या केलेल्याचा दफनविधी मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, होत नाही, त्याला वेगळ्या कोपऱ्यात पुरतात, असे आजही पुष्कळ जण ठामपणे सांगतात. १९१७ च्या संहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, तशी बंदी होती. १९८३ च्या संहितेत ज्यांना दफनविधी नाकारता येतो त्यांच्या यादीतून आत्महत्या केलेले वगळले गेले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट म्हटले आहे की अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आशा सोडू नये आणि ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाचेही तसेच. आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार होता, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा ख्रिस्ती दफनविधी होऊ शकतो. हे ठाऊक नसल्याने इस्पितळातून ते बाळ परस्पर नेले जाते आणि आईला पुढे कधी मेणबत्ती लावायलाही जागा राहत नाही. धर्मगुरूंनी हे वर्षातून एकदा तरी वेदीवरून सांगावे. अशा घरी पहिल्या दिवशी कोण जाते यावर सगळे ठरते. पहिला माणूस ‘का केलं असेल?’ विचारणारा निघाला, तर ते दार बंद होते.

पैशाबद्दल. मदतनिधीला दोन सह्या, महिन्याचा हिशेब आणि लाभार्थ्यांची नावे गुप्त, एवढे तरी असावेच. फलकावर रक्कम लावावी, नावे नाहीत. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका हे वचन देणाऱ्याला सांगितले आहे. हिशेब न ठेवणाऱ्या कार्यवाहाला ते ढालीसारखे वापरता येणार नाही. पौलाने सोबत माणसे घेतली ती यासाठीच. मृतांसाठीच्या मिस्सेच्या देणगीबाबतही गैरसमज आहे. पैसे नाहीत म्हणून गरीब घरे महिन्याची मिस्सा टाळतात. संहिता सांगते की देणगी मिळाली नाही तरी धर्मगुरूंनी लोकांच्या, विशेषतः गरजूंच्या इच्छेनुसार मिस्सा अर्पण करावी. कार्यालयात बसणाऱ्याने हे आपणहून सांगावे. गरिबाला विचारायला लावू नये.

मराठी ख्रिस्ती माणसाला यासाठी उदाहरण बाहेर शोधायला नको. दुष्काळातच आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली आणि बायकांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. पोटभर जेवण देऊन त्या थांबल्या नाहीत. तिथल्या आपल्या मुक्तिसदनात अक्षर शिकवले, विणकाम शिकवले, छापखाना चालवायला शिकवले. दुःखात सहभाग किती वर्षे चालतो याचे ते उत्तर आहे.

शेजारधर्माचेही तसेच. १९६५ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेवर जो दस्तऐवज काढला, त्याची सुरुवातच अशी आहे की या काळातल्या माणसांचे, त्यातही गरिबांचे आणि पीडितांचे, आनंद आणि आशा, दुःखे आणि चिंता याच ख्रिस्ताच्या अनुयायांच्याही आहेत. ‘माणसांचे’ म्हटले आहे, ‘ख्रिस्ती माणसांचे’ नव्हे. येशूने सांगितलेल्या, अनोळखी जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (बोधकथेत) जखमी माणूस कोणत्या मंडळीचा हे कोणी विचारत नाही. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, दिली आणि वर सांगितले की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. परत येण्याचे ते वचन आपण दाखला सांगताना नेहमी गाळतो. हिंदू किंवा मुस्लिम शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेला जाताना, त्यांच्या दिवाळीला आणि ईदला जाताना धर्म बुडेल अशी भीती घालणाऱ्यांनी हा दाखला पुन्हा वाचावा.

उलट बाजूने, ख्रिस्ती घरच्या अंत्यविधीला यायचे म्हणजे काय करायचे, असे इतर धर्मीय शेजारी अनेकदा संकोचाने विचारतात. या, मंदिरात कुठेही बसा. सगळे उठतात तेव्हा उठलात तरी चालते, बसून राहिलात तरी चालते. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांगेत न जाता जागेवर बसा, कोणाला वाईट वाटत नाही. काळे कपडे लागत नाहीत, साधे चालतात. कबरीजवळ शेवटी प्रत्येक जण मूठभर माती टाकतो, ती तुम्हीही टाकू शकता. फुले आणलीत तर कबरीवर ठेवता येतात.

आणि आनंद. पौलाच्या ओळीतला हा पहिला अर्धा भाग आणि आमच्याकडे सर्वांत दुबळा. चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोमाने या ओळीवर प्रवचन देताना म्हटले होते की रडणाऱ्याबरोबर रडणे सोपे आहे, निसर्गच ते करून घेतो. आनंद करणाऱ्याबरोबर निखळ आनंद करायला फार मोठे मन लागते, कारण आड मत्सर येतो. आम्हाला हे शब्दशः खरे वाटते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळे उधळून परत आलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो. थोरल्या भावाने काही वाईट कृत्य केलेले नाही. तो फक्त मेजवानीच्या घरात पाऊल टाकत नाही. बापाला बाहेर येऊन त्याची विनवणी करावी लागते, आणि तो आत गेला की नाही हे शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतच नाही.

काना येथील लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूने सहा दगडी रांजणांतले पाणी द्राक्षारस केले. प्रत्येकात सुमारे ८० ते १२० लिटर मावत असे. लग्नघराची लाज राखण्यासाठी हे झाले आणि यजमानाला त्याचा पत्ताही लागला नाही. चारचौघांत कमीपणा न आणता उणीव भरून काढणे, हे आनंदात सहभागी होण्याचे पहिले रूप. मंडळीतल्या गरीब घरच्या लग्नात मंडपाचे भाडे, भांडी, वाढपी यांची जबाबदारी चार घरांनी आधी वाटून घेतली, तर ते घर पुढची तीन वर्षे सावकाराकडे जात नाही. गोव्यातल्या कॅथलिक घरांत लग्नाआधी दिवंगत पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना घरी बसवून जेवू घालण्याची जुनी प्रथा आहे. मेजवानीला गरिबांना बोलवा या लूकमधल्या शिकवणुकीचे ते अगदी घरगुती रूप. ती मागे पडत चालली असेल, तर हॉलच्या सजावटीतला खर्च कमी करून ती जपण्यासारखी आहे.

हळदीच्या वेळी विधवा आईला मागे उभे करणे काही मराठी ख्रिस्ती घरांत अजून चालते. याला आमच्या धर्मशिक्षणात तसूभरही आधार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ज्या मंडळ्या दर रविवारी, जिचा मेलेला मुलगा येशूने उठवला त्या नाईन येथील विधवेची आणि मंदिरात दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगू शकतात, त्यांना ठरावाचीही गरज पडू नये. मुलाला पहिली हळद आईनेच लावावी. पाळकांनी किंवा धर्मगुरूंनी लग्नाच्या तयारीच्या भेटीतच हे बोलून घ्यावे. मांडवात बोलून उपयोग नसतो, तेव्हा वडीलधाऱ्या बायकांचा शब्द चालतो.

ज्याला आनंदात सामील होणे जड जाते त्याचाही विचार हवा. मूल नसलेल्या जोडप्याला बाप्तिस्म्याचे आमंत्रण द्यावे, पण ‘तुमच्याकडे कधी?’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही याची काळजी यजमानाने घ्यावी. ती दोघे केवळ मंदिरात येऊन गेली आणि जेवायला थांबली नाहीत, तर त्याचा विषय करू नये. आमंत्रणच न देणे हा मात्र दयाळूपणा नव्हे. लूकच्या पहिल्या अध्यायात उतारवयापर्यंत मूल नसलेल्या अलीशिबेला मुलगा झाला, तेव्हा शेजारी आणि नातलग तिच्याबरोबर आनंदित झाले असे आहे. इतकी वर्षे तिला वगळले नसेल, म्हणूनच ते जमले असेल.

दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या रविवारी गुणवंतांना वेदीजवळ बोलावून फुले देतात. जरूर द्यावीत. निकाल लागला त्याच संध्याकाळी मात्र तरुण संघाच्या दोघांनी नापास झालेल्यांच्या घरी जावे, आणि पुरवणी परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख, शुल्क आणि कोणत्या विषयाला कोण शिकवणार हे कागदावर लिहून न्यावे. सत्काराला त्या मुलांनी यावेच असा आग्रह नको. आली, तर त्यांना पहिल्या पाच रांगांत मित्रांच्या मध्ये बसवावे, मागच्या बाकावर एकटे नाही. उरलेल्या उन्हाळ्यात त्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायला महाविद्यालयातले दोघे-तिघे मिळाले, तर मंदिराचा हॉल सकाळी आठ ते दहा त्यांना मोफत द्यावा.

आपले नम्र,
मंडळीच्या भेटकार्यातील काही कार्यकर्ते